दुपारी घुमतं, रात्री साफ वाजतं: टर्नटेबलच्या पायांखाली काय घालावं, काय घालू नये

तक्रार अशी होती. रात्री साडेनऊनंतर रेकॉर्ड लावली की सगळं लख्ख ऐकू यायचं. तीच रेकॉर्ड दुपारी लावली की तानपुरा चिखलात रुतल्यासारखा, डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्यामागे आणखी एक घुमारा. स्पीकरची जाळी काढून बघावं तर गाणं सुरू व्हायच्या आधीच वूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा आत-बाहेर डुलतोय. आवाज थोडा वाढवला की बारीक घूं सुरू व्हायचा आणि तो असा फुगत जायचा की धावत जाऊन व्हॉल्यूम खाली आणावा लागे.

दीड वर्ष हे चाललं. तेवढ्यात मी टर्नटेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राच्या, पायांखाली नाना वस्तू घालून बघितल्या. प्रत्येक वस्तूने एक-दोन दिवस गुण दिला आणि मग दुखणं परत आपल्या जागी. गुण का यायचा आणि का जायचा, हे कळलं तेव्हा स्वतःच्याच डोक्यावर टपली मारून घ्यावीशी वाटली. तुमच्याकडे असंच काही होत असेल तर पॅड, स्प्रिंग, स्टँड यांवर पैसे घालण्याआधी हे वाचा.

आधी घराचं सांगतो, कारण सगळी गोष्ट घराचीच आहे. राहायला बेळगावात, वडगावात. आमच्याकडची जुनी घरं एकमेकांना चिकटून. आमच्या पुढच्या खोलीची एक भिंत आणि शेजारच्या अण्णांच्या मागाच्या शेडची भिंत एकच. पलीकडे चार यंत्रमाग. जन्मापासून तो खटखटाट कानात इतका मुरलाय की आता ऐकूच येत नाही. माग बंद पडले तरच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. नोकरी उद्यमबागेत, मशीन शॉपमध्ये फिटर. म्हणजे दिवसभर लोकांच्या मशीनखाली लेव्हलिंग पॅड बसवणारा माणूस स्वतःच्या घरात तेच काम चुकीचं करत होता. हसायला हरकत नाही, घरात सगळे हसून झालेत.

टर्नटेबल बेल्टवर चालणारं, वजनाला साधारण सहा किलो, चार रबरी पाय. ठेवलेलं होतं पुढच्या खोलीत, वडिलांच्या सागवानी कपाटावर.

आधी हे पायांचं दुखणं आहे का ते बघा

घूं आला की लगेच पाय बदलायला धावू नका. सुई रेकॉर्डवरून उचला. सुई वर असतानाही आवाज येत असेल तर तो विजेचा हम आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांची, तिचा सूर कायम एकच राहतो. अर्थिंगची वायर सुटलेली असते, कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात बसते त्या डबीच्या) चार तारांपैकी एखादी सैल असते, नाहीतर अँपचा ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलला खेटून ठेवलेला असतो. त्यावर जगातला कोणताही रबर चालणार नाही.

सुई टेकली की येतो आणि उचलली की जातो, असं असेल तर पुढची चाचणी. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्डखालची फिरती तबकडी, बंद. रेकॉर्ड जागेवर स्थिर. तिच्यावर सुई अलगद टेकवा आणि व्हॉल्यूम शून्यापासून हळूहळू वाढवत न्या, हात बटणावरून काढू नका. नेहमी ऐकता त्याच्याही थोडं पुढे गेल्यावर घुमायला लागलं, तर स्पीकरचा आवाज हवेतून, जमिनीतून, टेबलातून परत सुईपर्यंत पोहोचतोय. त्याच स्थितीत कपाटावर बोटाच्या पेराने हलकी टकटक करा. ती टकटक स्पीकरमधून ढब्ब अशी ऐकू आली तर तुमचं कपाट म्हणजे एक मायक्रोफोन झालाय.

आणि प्लॅटर बंद असताना सगळं शांत, फिरायला लागला की गुरगुर, तर दोष मोटरचा, बेल्टचा किंवा मधल्या बेअरिंगचा. आम्ही शॉपमध्ये लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हौसिंगला आणि मूठ कानाला लावून ऐकतो. इथेही तेच करता येतं, फक्त रेकॉर्ड आणि सुई बाजूला ठेवून. कोरडं पडलेलं बेअरिंग लगेच ओरडतं.

माझ्याकडे पहिल्या चाचणीत हम नाही, तिसरीत बेअरिंग ठीक. दुसरीत मात्र गंमत झाली. रविवारी केली तेव्हा जवळजवळ काहीच नाही. सोमवारी दुपारी केली तेव्हा प्लॅटर बंद, गाणं नाही, टकटक नाही, तरी वूफर डुलतोय. त्याच वेळी ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

एवढ्याशा हलण्याने काय होतं

खूप होतं. रेकॉर्डच्या खोबणीत हळू आवाजाचा भाग असतो तिथे सुईची हालचाल एक मायक्रॉनपेक्षाही कमी असते. आमच्या नेहमीच्या डायल गेजवर सगळ्यात लहान घर १० मायक्रॉनचं. म्हणजे ज्या थरथरीने गेजचा काटा जागचा हलणार नाही, ती सुईला गाण्याएवढी मोठी वाटू शकते. सुईला आणि कार्ट्रिजला काय कळतं? त्यांच्यात आपसात किती हालचाल झाली एवढंच. ती खोबणीने हलवली की शेजारच्या मागाने, हे कार्ट्रिज विचारत नाही. वीज तयार करून पुढे पाठवून देतं.

वर आणखी एक भानगड. रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबून कापतात, नाहीतर खोबण मावणार नाही. वाजवताना फोनो स्टेज, म्हणजे कार्ट्रिजमधून येणारी बारीक वीज मोठी करणारा भाग, ते परत उचलते. याचं ठरलेलं प्रमाण आहे, आरआयएए वक्र म्हणतात त्याला. १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला ही उचल १९ डेसिबलच्या वर, म्हणजे नऊपटीहून जास्त. त्याच्या खाली कानाला काही ऐकू येत नाही, पण साध्या फोनो स्टेजमध्ये उचल तशीच चालू राहते आणि ती सगळी बिचाऱ्या वूफरच्या पडद्यावर जाते.

तानपुरा पहिला का बिघडतो, तेही सांगतो. पुरुषी गळ्यासाठी काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झला येतो. पोकळ लाकडी कपाटाचा वरचा तक्ता जवळपास त्याच भागात घुमायला तयार बसलेला असतो. इथून जवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमारजींच्या, म्हणजे कुमार गंधर्वांच्या, एलपी आमच्या घरात सगळ्यात जास्त वाजतात, आणि त्यांचे तानपुरे किती बारकाईने लावलेले असत हे सर्वांना ठाऊक आहे. दुपारी त्या तानपुऱ्यांचा असा काला होताना ऐकणं म्हणजे शिक्षाच.

मी काय काय घातलं

पहिल्यांदा, मूळचे पायच जुने झाले असतील म्हणून ते बदलले. हे योग्यच होतं. जुना रबर कडक होतो. नख रुतवून बघा, खूण उमटून लगेच भरून आली तर ठीक, लाकडासारखा लागला तर तो पाय आता नुसता ठोकळा आहे. नव्या पायांनी टकटक बरीच कमी झाली. दुपारचं घुमणं तसंच.

मग कुठेतरी वाचलं की टोकदार खिळ्यांसारखे पाय लावले की थरथर खाली निघून जाते, वर येत नाही. आमच्याच लेथवर चार टोकं वळून आणली. फिटर म्हणून माझी मला लाज वाटते. लोखंडी टोक दोन्ही बाजूंनी सारखंच वागतं, त्याला वर-खाली कळत नाही. टोकांनी टर्नटेबल खालच्या वस्तूला घट्ट जोडलं जातं, इतकंच. खालची वस्तू शांत असेल तर छान, माझं कपाट शांत नव्हतं.

तिसरा उपाय सगळेच सांगतात: भिंतीवर शेल्फ. जमिनीची भानगडच नको. मीही एका रविवारी लोखंडी अँगल ठोकून शेल्फ बसवलं, मस्त वाजलं, घरच्यांना चहा पाजला. सोमवारी सकाळी लावलं तर पूर्वीपेक्षा वाईट. कोणत्या भिंतीवर बसवलं होतं ते तुम्ही ओळखलंच असेल.

चौथ्यांदा स्प्रिंग. कॉम्प्रेसरच्या जुन्या माऊंटिंगच्या चार, वर प्लायवुडचा तुकडा, त्यावर टर्नटेबल. हाताने दाबलं की कसं मऊ, पाळण्यासारखं हलायचं. बघूनच समाधान झालं. त्या आठवड्यात अण्णांच्या दोन मागांवर नवे बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेले रूळ) चढायचे होते म्हणून माग बंदच होते आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की दुखणं गेलं. माग सुरू झाले त्या दिवशी वूफर इतका जोरात डुलायला लागला की मी घाबरून अँप बंद केला. बाकीचे उपायही असेच सुट्टीच्या दिवशी करून बघितलेले, हे नंतर कॅलेंडर समोर ठेवल्यावर दिसलं.

अण्णा दारातून बघत होते. "आता काय करूलासा मिस्त्री? पाळणा बांधलासा काय पेटीला?"

फोनने दिलेलं उत्तर

शेवटी अक्कल वापरली. आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स नावाचं मोफत अॅप आहे. फोनमधला हालचाल मोजणारा सेन्सर ते वापरतं आणि कोणत्या हर्ट्झला किती थरथर आहे याचा आलेख काढून देतं. फोन कपाटावर आडवा ठेवला, मिनिटभर हात लावला नाही, आलेख बघितला. मग जमिनीवर, मग शेल्फवर, मग मधल्या खोलीत. सगळीकडे दोनदा: माग चालू असताना आणि बंद असताना. कॉलेजच्या मुलाला लाजवेल अशी वही केली.

फोन नसेल तर स्टीलच्या वाटीत काठोकाठ पाणी भरून ठेवा आणि त्यात खिडकीचं प्रतिबिंब बघा. आकडा मिळणार नाही, पण कोणती जागा थरथरते आणि कोणती नाही हे दिसतं. मी आधी तेच केलं. शेल्फवरच्या वाटीत खिडकीचे गज सापासारखे वळवळत होते.

आलेखात २.४ हर्ट्झला एक टेकडी, ४.८ ला दुसरी, ७.२ ला तिसरी आणि ती चांगली उंच. पुढे ९.६ ला जेमतेम उंचवटा. अण्णांचे माग मिनिटाला १४४ च्या आसपास धोटे फेकतात. भागिले ६० केलं की २.४. बाकीच्या टेकड्या त्याच्याच पटी. प्रत्येक धोट्याबरोबर फणी पुढे येऊन बाण्याचा धागा ठोकते, आणि हा धक्का आडवा असतो, उभा नसतो. म्हणून जमिनीपेक्षा भिंत जास्त हलत होती. भिंत म्हणजे उभा केलेला पापडच. तिला पोटात बुक्का मारला की ती डुलणार, आणि मी नेमकं त्या पोटावर शेल्फ लावलेलं.

आणखी एक कोडं सुटलं. दुपारचं घुमणं दर सहा-सात सेकंदांनी फुगायचं आणि ओसरायचं. चारही माग अगदी एका वेगाने चालत नाहीत. एक १४४ ने आणि दुसरा १४७ ने चालला तर त्यांच्या तिसऱ्या पटी ७.२ आणि ७.३५ ला येतात, फरक ०.१५, म्हणजे दर साडेसहा सेकंदांनी दोघांचे ठोके एकत्र पडतात. दोन तानपुरे किंचित बेसूर लागल्यावर जी लहर येते, तीच ही, फक्त फार सावकाश.

आता पायांचं गणित. हा भाग नीट वाचा

कुठल्याही मऊ वस्तूवर काही ठेवलं की त्याला स्वतःचा एक झोका मिळतो. झोपाळ्याला त्याच्या तालात ढकललं तर तो उंच जातो. तालाच्या बराच पुढे भराभर थापा मारल्या तर तो जागचा हलत नाही. टर्नटेबलचे पाय नेमकं हेच करतात. झोक्याच्या आकड्याला थरथर वाढते, त्याच्या सुमारे १.४ पटीच्या पुढे कमी व्हायला लागते, तिपटीला गेलं की साधारण आठवा हिस्सा उरतो. झोक्याच्या खालची थरथर मात्र जशीच्या तशी वर पोहोचते.

हा झोका किती हे पट्टीने मोजता येतं. टर्नटेबल ठेवल्यावर पाय किती मिलिमीटर दबला ते बघा. १५.८ ला त्या मिलिमीटरच्या वर्गमूळाने भागा. १ मिलिमीटर दबला तर झोका १६ हर्ट्झचा, ४ दबला तर ८ चा, १० दबला तर ५ चा. रबर आणि स्पंज यात थोडे फसवतात, कारण सावकाश दाबताना जेवढे मऊ वाटतात त्यापेक्षा झटक्याला ताठ वागतात, तेव्हा त्यांचा खरा आकडा थोडा वरचा धरा. पण अंदाजाला हे पुरतं. यावरून एक कळेल की दोन मिलिमीटरचा नमदा किंवा कॉर्क पायांखाली घालून पावलांची, मागांची थरथर अडवायची आशा फुकट आहे. तो नमदा कपाटाची घुमण, भांड्यासारखा वाजणारा दगड, स्पीकरचा वरचा आवाज, यावर कामाचा.

माझ्या स्प्रिंगा १० मिलिमीटर दबल्या होत्या. झोका ५ हर्ट्झ. मागाची दुसरी पट ४.८. झोपाळ्याला तालात ढकलायला मी शेजाऱ्यांना आमंत्रणच दिलं होतं.

आणि ७.२ ची उंच टेकडी? तिचा जोडीदार टोनआर्मवर, म्हणजे सुई धरून ठेवणाऱ्या दांड्यावर, बसला होता. आर्मचं वजन आणि सुईच्या दांडीचा लवचीकपणा यांचाही मिळून एक झोका असतो. हिशेब असा: आर्मचं परिणामी वजन, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज, तिला कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने, म्हणजे त्या लवचीकपणाच्या छापील आकड्याने, गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि १५९ ला त्याने भागायचं. माझा आर्म १४ ग्रॅमचा, कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून साडेसात, कंप्लायन्स २२. उत्तर ७.३ हर्ट्झ. हा आकडा ८ ते १२ च्या मध्ये असावा असं मानतात, कारण वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे आणि पावलं त्याच्या खाली राहतात, गाणं त्याच्या वर. माझा एक तर खाली घसरलेला, आणि नेमका मागाच्या तालावर. जपानी कार्ट्रिजचा कंप्लायन्स पुष्कळदा १०० हर्ट्झला मोजून छापलेला असतो. तो या हिशेबात घालताना दीड ते दोन पट करून घ्यावा लागतो, नाहीतर उत्तर भलतंच येतं. मी आधी तीही चूक केली होती.

म्हणजे पायांनी ७.२ अडवायचं ठरवलं तर झोका अडीच हर्ट्झपर्यंत खाली न्यायला हवा. त्यासाठी स्प्रिंग ४० मिलिमीटर दबायला हवी, इतक्या मऊ स्प्रिंगवर टर्नटेबल बाजूला कलंडतं, आणि अडीचवर उतरलं की तिथे मागाची पहिली टेकडी २.४ ला वाट बघत उभीच आहे. हे वहीत मांडून झालं त्या रात्री मी स्प्रिंगा पिशवीत भरून माळ्यावर टाकल्या.

मग काय केलं

जागा बदलली. मधली खोली जोत्यावर आहे, शहाबादी फरशी थेट भरावावर, सामायिक भिंतीपासून लांब. तिथे फोनने ७.२ ची टेकडी कपाटाच्या मानाने पाचव्या हिश्श्याच्या आत दाखवली. दीड वर्षातला हा सगळ्यात मोठा फरक आणि याला एक रुपया लागला नाही, फक्त आईची शिलाई मशीन पुढच्या खोलीत न्यावी लागली. त्याबद्दल अजून ऐकून घेतोय.

कपाटाऐवजी स्टँड वेल्ड करून घेतला, चौकोनी पाईपचा, तीन पायांचा. चार पायांचं टेबल जुन्या फरशीवर कधीच चारही पायांवर उभं राहत नाही, तिपाई राहते. पाईपमध्ये वाळू भरली. वाळू कढईत कोरडी भाजून मग भरा, ओल राहिली तर आपल्या पावसाळ्यात पाईप आतून गंजणार. वर काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा, ४५ बाय ३८ सेंटिमीटर, ३ सेंटिमीटर जाड, वजन जवळजवळ १४ किलो. दुकानातल्या माणसाने ओट्याचा उरलेला तुकडा कापून कडा घासून दिला. नुसता दगड लोखंडावर ठेवला तर बोटाने टिचकी मारल्यावर वाजतो. खाली जाड नमद्याचे तीन तुकडे घातले की टक एवढाच आवाज येऊन थांबतो. त्यावर टर्नटेबल आपल्या नव्या रबरी पायांवर. पाणसळ प्लॅटरवर ठेवून दोन्ही दिशांनी बघून घ्या, प्लिंथवर, म्हणजे खालच्या पेटीवर, ठेवून नको. आणि रबराला दोन दिवस बसू दिल्यावर परत एकदा बघा. जिकडे मोटर असते तो पाय जास्त दबतो.

तानपुरा इथे सुटा झाला. खर्ज, त्यावरची जोडी, पंचम, प्रत्येक तार आपापल्या जागी. तो बदल कपाट गेल्याचा आणि दगड आल्याचा. मागाशी त्याचा संबंध नाही. दोन दुखणी एकमेकांत मिसळलेली होती आणि मी एकच समजत होतो.

उरलेलं डुलणं कार्ट्रिज बदलून गेलं. एका मित्राकडे १२ कंप्लायन्सचं पडून होतं, वजन तेवढंच. हिशेबाने झोका ९.९ वर गेला. शेजारी मागाची चौथी पट ९.६ ला आहेच, पण तिथली टेकडी आधीच बारीक होती आणि या खोलीत तर शोधावी लागते. फोनो स्टेजवरचं सबसॉनिक फिल्टरचं बटणही आता दाबलेलं असतं. २० हर्ट्झच्या खाली दर सप्तकाला १८ डेसिबल या उताराने ७ हर्ट्झची थरथर पंचवीसेक डेसिबलनी उतरते. मात्र फिल्टर पहिला उपाय म्हणून वापरू नका. त्याने वूफर वाचतो. सुई खोबणीत हलायची ती हलतेच आणि त्या हलण्याने गाणं जे गढूळ होतं ते फिल्टरला गाळता येत नाही.

तुमचं घर वेगळं असेल तर

खानापूरला एका मित्राकडे नेमकं उलटं. माडीवर लाकडी तक्तपोशी, कुणी खोलीतून चाललं की सुई उडी मारायची. त्याने पायांखाली मऊ स्पंज घातलेला, त्यामुळे पाऊल पडलं की टर्नटेबल नमस्कार करायचं. लाकडी जमिनीचा झोका आणि स्पंजाचा झोका जवळजवळ आले की असंच होतं. त्याच्याकडे भिंत मात्र जांभ्या दगडाची, दीड फुटी, पलीकडे परसू आणि फणसाचं झाड. तिथे भिंतीवरचं शेल्फ लावलं आणि एका दुपारीत प्रश्न मिटला. जांभ्यात भोक पाडताना ड्रिलची हॅमर चावी बंद ठेवा, दगड आतून भुगा होतो आणि प्लग फिरत राहतो; लांब बोल्ट घेऊन खोल जा आणि आधी भोकातली धूळ फुंकून काढा. माझ्याकडे ज्या उपायाने वाट लावली त्यानेच त्याचं भलं झालं, हे बघून थोडा रागच आला.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ राहणारा दुसरा एक जण गाडी गेली की रेकॉर्ड खराब म्हणून सांगतो. त्याच्याकडे जाऊन बघितलं, गाडी गेल्यावर खिडकीची काच वाजते आणि सुईला काहीच होत नाही. खिडकीला पुट्टी लावायला सांगितली.

तुमचं टर्नटेबल आतूनच स्प्रिंगवर टांगलेलं असेल तर त्याखाली परत मऊ पाय घालू नका. १९६१ च्या एआर टर्नटेबलपासून ही पद्धत रुळली, थॉरेन्सच्या टीडी १५० वगैरेत तीच आहे: प्लॅटर आणि आर्म एका आतल्या पाट्यावर, तो पाटा तीन स्प्रिंगांवर. झोक्यावर झोका बसवला की दोघे एकमेकांशी भांडतात. अशांना हलकं पण ताठ टेबल किंवा चांगल्या भिंतीवरचं शेल्फ मानवतं. प्लॅटर हलकेच दाबून सोडला तर तो सरळ वर-खाली व्हायला हवा. बाजूला गिरक्या घेत असेल तर स्प्रिंगांचे नट जुळवायचे राहिलेत. याउलट १९७९ चं टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ घ्या, बारा किलोच्या आसपास वजन, खाली जाड रबराचा तळ, उंची जुळवता येणारे पाय. ते नाचगाण्याच्या गोंगाटात वाजायला चाललं, त्याला घरात भक्कम ओट्यापलीकडे फारसं काही लागत नाही.

स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर असतील तर वरचं सगळं विसरा आणि आधी ते वेगळे करा. झाकण वाजवताना उघडं ठेवता का? ते शिडासारखा आवाज पकडतं. काढून बाजूला ठेवा, निम्म्या लोकांचा घूं तिथेच कमी होतो. सॉर्बोथेनचे (थरथर शोषणाऱ्या मऊ रबरासारख्या पदार्थाचे) गोळे घेणार असाल तर वजनाच्या हिशेबाने घ्या. सहा किलोच्या टर्नटेबलाखाली वीस किलो वजनासाठी बनवलेले गोळे दबतच नाहीत, मग ते नुसते महाग रबर. सायकलची ट्यूब अर्धवट भरून त्यावर पाटा ठेवायचा जुगाड पावलांसाठी खरंच काम करतो, फक्त दर आठवड्याला हवा आणि पाणसळ बघायची तयारी ठेवा.

माग अजून चालूच आहेत. आणि खरं औषध तिकडेच लावायला हवं होतं, कारण थरथर उगमाशी अडवणं नेहमी स्वस्त पडतं. शॉपमध्ये आम्ही प्रेसखाली पॅड घालतो, शेजारच्या सरफेस ग्राइंडरखाली नाही. अण्णांना एका रविवारी बोलावून आलेख दाखवला. आलेखात त्यांना रस नव्हता, पण पाया उचकटून मागाचे बोल्ट दर महिन्याला सैल होतात ही त्यांची जुनी तक्रार निघाली. मी कन्व्हेयर बेल्टच्या जाड रबराचे तुकडे कापून आणले, नमद्याबरोबर थर करून मागाच्या चार पायांखाली घातले, बोल्टांनाही रबरी वॉशर. तीन माग झाले. चौथ्यावर ताणा चढलेला आहे, भरल्या बीमचा माग उचलत नाहीत. तो ताणा उतरला की अण्णा हाक मारणार आहेत.